व्हीपीएन टाकला म्हणजे एक खोली होत नाही

छोट्या संस्थांना सर्व्हर बसवून देणाऱ्या मंडळींच्या तोंडून गेली काही वर्षं एक विधान सतत ऐकतो आहे, आणि आता त्याला उत्तर द्यायलाच हवं. विधान असं: ‘वेगवेगळ्या नेटवर्कवरची यंत्रं जोडणं आता अवघड राहिलेलं नाही. मध्ये व्हीपीएन टाकायचा, की सगळी यंत्रं एकाच खोलीत असल्यासारखी वागतात. एक बंद पडलं तर दुसरं आपोआप काम उचलतं.’ पतसंस्था, दूध संस्था, ग्रंथालयं, दोन-तीन शाखा असलेले दवाखाने यांना हेच सांगितलं जातं. याच भरवशावर दरपत्रक दिलं जातं आणि संचालक मंडळ डोळे मिटून मंजुरी देतं.

जोडणं अवघड राहिलेलं नाही, हे बरंचसं खरं आहे. ते आधीच मान्य करतो, कारण मी त्या अवघड दिवसांत हे काम केलेलं आहे. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. तेव्हापासून ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी १००.६४ ने सुरू होणारा पत्त्यांचा एक गट २०१२ मध्ये राखूनही ठेवला गेला. याचा तालुक्याच्या गावातला अर्थ एवढाच, की तुमच्या राउटरचं दार बाहेरून कुणाला ठोठावता येत नाही. स्वतःचा कायमचा पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, मागितला तर वेगळे पैसे, आणि पैसे देऊनही तो मिळेलच असं नाही. त्यात जोडायच्या दोन्ही कार्यालयांतले राउटर १९२.१६८.१ याच पत्त्यांवर बसलेले, म्हणजे दोन गावांत एकाच घर क्रमांकाची घरं.

या सगळ्यावर वायरगार्डने चोख उपाय दिला. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा व्हीपीएनचा प्रोग्रॅम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत दाखल झाला. सार्वजनिक पत्ता असलेलं एक छोटं यंत्र भाड्याने घ्यायचं, बाकीच्या यंत्रांनी आतून बाहेर त्याच्याकडे टनेल काढायचा, आणि राउटरने तो विसरू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामा निरोप पाठवत राहायचा. दहा-पंधरा ओळींत काम होतं. मी ते रोज वापरतो आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांचा ऋणी आहे.

माझा वाद ‘एकाच खोलीत असल्यासारखी’ या शब्दांशी आहे. टनेल यंत्रांना नवे पत्ते देतो आणि वाटेत कुणी वाचू नये म्हणून निरोपाला कुलूप लावतो. ज्या तारेवरून तो निरोप जातो ती तार मात्र तीच राहते. तीच खांबावरून लोंबणारी, तीच रस्त्याच्या कडेला हातभर खोल पुरलेली. खोलीतल्या दोन यंत्रांमधली दोन मीटरची केबल सहसा तुटत नाही. दोन गावांमधली तुटते आणि पावसाळ्यात हमखास तुटते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या पीटर डॉइच यांनी १९९० च्या दशकातच अशा कामातले गैरसमज नोंदवून ठेवले होते. त्यातला पहिलाच ‘जाळं भरवशाचं आहे’ हा होता, आणि ‘सगळ्या जाळ्याचा कारभारी एकच आहे’ हाही त्यात होता. वेगवेगळ्या नेटवर्कवर क्लस्टर, म्हणजे मिळून एक काम करणारा यंत्रांचा गट, बांधताना नेमके हे दोन गैरसमज अंगाशी येतात, आणि ‘एक खोली’ म्हणणारा माणूस ते दोन्ही एका दमात विकतो.

त्याचं काय होतं ते मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संस्थेत पाहिलं. संस्थेचं नाव सांगणार नाही आणि तिथलं काम करणाऱ्याचंही नाही, कारण हे दुखणं एकट्या त्याचं नाही.

एक सर्व्हर तालुक्याच्या कार्यालयात, दुसरा बावीस किलोमीटरवरच्या शीतकरण केंद्रात. दोन्हीकडे दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, आणि ही निवड अगदी योग्य होती. मध्ये वायरगार्ड. दोन्ही यंत्रं दर पाच सेकंदांनी एकमेकांना ‘आहेस का?’ विचारत. तीस सेकंद उत्तर आलं नाही, की समोरचं मेलं असं धरून आपण मुख्य व्हायचं, असा नियम. दरपत्रकात याला ‘ऑटोमॅटिक फेलओव्हर’ म्हटलं होतं.

एका संध्याकाळी रस्त्याच्या कामात जेसीबीने कार्यालयाकडे जाणारी फायबर तोडली. कार्यालयातलं यंत्र जिवंत होतं, कारण वीज होती, इन्व्हर्टर होता. शीतकरण केंद्रातलंही जिवंत होतं. फक्त त्यांना एकमेकांचा आवाज येईना. तीस सेकंदांनी शीतकरण केंद्रातल्या यंत्राने स्वतःला मुख्य केलं. कार्यालयातलं यंत्र तर मुख्य होतंच, ते मुख्यच राहिलं. कार्यालयाच्या तळमजल्यावर संस्थेचं मोठं संकलन केंद्र आहे. त्याचा वजनकाटा आणि फॅट मशीन खालच्या खाली वरच्या यंत्राला जोडलेले. तिथल्या नोंदी तिथे पडत राहिल्या. गावोगावची केंद्रं सिमकार्डच्या राउटरवर होती. त्यांना कार्यालय लागेना म्हणून ती आपोआप शीतकरण केंद्राकडे वळली. सकाळचं संकलनही असंच पार पडलं. पावत्या छापल्या जात होत्या, दूध ओतलं जात होतं, कुठेही लाल दिवा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फायबर जुळली आणि खरा घात तेव्हा झाला. ज्या यंत्रातली शेवटची नोंद नंतरची, त्याचा डेटा खरा धरायचा आणि दुसऱ्यावर लिहायचा, असं प्रोग्रॅममध्ये होतं. तळमजल्यावरच्या दोन वेळच्या संकलनाच्या नोंदी काही सेकंदांत पुसल्या गेल्या.

मला बोलावलं तेव्हा सचिवांनी टेबलावर दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर क्रमांक ४८१७. एकीवर साडेसहा लिटर, फॅट ४.१. दुसरीवर अकरा लिटर, फॅट ३.८. सभासद वेगळे, गावं वेगळी, वेळ वेगळी. कॉम्प्युटरला यातली एकच ठाऊक होती. दहा दिवसांचं बिल चार दिवसांवर आलेलं. संस्थेच्या दोन मुलांनी दारोदार फिरून सभासदांकडच्या कागदी पावत्या गोळा केल्या आणि हाताने भरल्या. ज्यांच्या पावत्या हरवल्या होत्या त्यांना आधीच्या आठवड्याची सरासरी लावावी लागली. एक म्हातारी सभासद बाई सचिवांना म्हणाली, ‘‘आवं, पर माज्या म्हशीनं त्या दिशी जास्त दिलं हुतं.’’ तिच्याकडे ते सिद्ध करायला काही नव्हतं.

बसवून देणाऱ्याचं म्हणणं होतं, ‘‘साहेब, सिस्टिम बरोबर चालली. चूक इंटरनेटवाल्याची.’’ हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. तार तुटणार म्हणूनच तर दुसरं यंत्र घेतलं. ज्या प्रसंगासाठी पैसे मोजले, तोच प्रसंग आल्यावर व्यवस्थेने हिशेब बुडवला, तर ती बरोबर कशी चालली?

मूळ चूक कुठे आहे? उत्तर न देणारं यंत्र मेलं आहे, की फक्त वाट तुटली आहे, हे दुसऱ्या टोकाला बसून कळत नाही. तीस सेकंदांऐवजी तीन मिनिटं थांबलं तरी कळत नाही. ही कारागिराची उणीव नाही, प्रश्नाचा स्वभावच तसा आहे. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्येच गणिताने दाखवून दिलं, की निरोपाला किती वेळ लागेल याची हमी नसलेल्या जाळ्यात एखादंच यंत्र बंद पडण्याची शक्यता असली, तरी एकमत होईलच अशी खात्री देणारी ठरावीक रीत असू शकत नाही. म्हणून जाणकार लोक वेळेवर विसंबत नाहीत, मोजणीवर विसंबतात. लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस, किंवा स्टॅनफर्डच्या ओन्गारो आणि ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेली राफ्ट, दोन्हींचा पाया बहुमत हाच आहे. एकूण यंत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकमेकांशी बोलू शकत असतील, तरच नोंद पक्की करायची. ज्या बाजूला बहुमत नाही तिने गप्प बसायचं.

सचिवांना हे समजावून सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत, कारण सहकारातल्या माणसाला कोरम शिकवावा लागत नाही. वार्षिक सभेला गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, गणपूर्तीची अट न ठेवता, घेतली जाते, हे त्यांनी कितीदा तरी इतिवृत्तात लिहिलं आहे. मी म्हटलं, ‘‘तुमच्या दोन यंत्रांनी तेच केलं. तीस सेकंद तहकूब केली आणि मग कोरम नसताना सभा घेतली. फक्त दोन वेगळ्या गावांत, एकाच वेळी. आणि दोन्ही सभांनी ठराव केले.’’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दोन यंत्रांत बहुमत म्हणजे दोन. एक गेलं की सगळंच थांबतं. त्यापेक्षा एकच यंत्र बरं. तिनांत बहुमत दोन, म्हणून एक गेलं तरी काम चालतं. चार घेतली तर बहुमत तीन, म्हणजे चौथ्याचे पैसे देऊनही एकच पडझड सोसता येते. ज्या दरपत्रकात दोन गावं, दोन यंत्रं आणि ‘आपोआप’ हे तिन्ही एकत्र दिसेल, त्यात एक तर माहितीचा अभाव आहे किंवा प्रामाणिकपणाचा.

यावर लगेच येणारं उत्तर, ‘मग तिसरं लावून देतो.’ कुठे लावणार, ते विचारा. कार्यालयातच दुसऱ्या टेबलावर लावलं, तर कार्यालयाची वीज गेली की बहुमतच गेलं. टनेल जिथे जुळतात त्या भाड्याच्या यंत्रावरून तिन्हींची आपसातली बोलणी जात असतील, तर त्या एका यंत्राच्या जिवावर तिन्ही उभी आहेत, आणि ते बंद पडलं की तीन जिवंत यंत्रं मुकी होतात. दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतली, पण दोन्ही तारा त्याच खांबावरून येत असतील, तर एका ट्रकच्या धक्क्याने दोन्ही जातील. तिसऱ्या यंत्राला मोठं असण्याची गरज नाही. नुसतं मत देणारा साक्षीदार म्हणूनही ते पुरतं. पण त्याची वीज वेगळी हवी, तार वेगळी हवी आणि पहिल्या दोघांपर्यंत जाणारी वाटही वेगळी हवी.

बहुमत असलं की सगळं भागतं, असंही मी म्हणत नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा त्यांच्याच जाळ्याशी संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. बाकीच्या यंत्रांनी रीतसर बहुमत जमवलं आणि डेटाबेसचा ताबा पश्चिम किनाऱ्याकडे दिला. पण पूर्वेला त्याआधी झालेले काही व्यवहार पश्चिमेला पोचलेच नव्हते आणि पश्चिमेनं नवे घ्यायला सुरुवात केली होती. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. त्यांच्याकडे निष्णात माणसं होती, पैसा होता, स्वतःच्या तारा होत्या. म्हणून ‘पावती कधी छापली जाते?’ हा प्रश्न माझ्या दृष्टीने यंत्रांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे. नोंद दोन ठिकाणी पोचल्यावर छापली जाते, की एका ठिकाणी पडल्या पडल्या? दुसरं असेल, तर मधल्या काही क्षणांतली पावती हरवू शकते, हे संस्थेला आधीच सांगायला हवं.

आता ‘असल्यासारखी वागतात’ याबद्दल. वागत नाहीत. बावीस किलोमीटर हे गाडीचं अंतर झालं. दोन कंपन्यांची जाळी तालुक्याच्या गावात एकमेकांना भेटत नाहीत. ती बहुतेकदा मुंबईसारख्या ठिकाणी भेटतात. देशातला निरोप देशातच फिरावा म्हणून २००३ मध्ये कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणारं निक्सी स्थापन झालं, तेही याच गरजेपोटी. म्हणजे शेजारच्या गावाला जाणारा निरोप कित्येकशे किलोमीटरची फेरी मारून जातो. काचेतून उजेड एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, तेव्हा अंतराचं एवढं काही नाही, पण मधल्या गर्दीचं आहे. क्लस्टरचं एकमत सांभाळणाऱ्या इटीसीडीसारख्या प्रोग्रॅमचे मूळ आकडे एका खोलीतल्या यंत्रांसाठी बेतलेले आहेत. तो दर १०० मिलिसेकंदांनी प्रमुखाची हाक ऐकतो आणि १००० मिलिसेकंद ऐकू आली नाही तर नवी निवडणूक घेतो. सिमकार्डच्या राउटरवर, संध्याकाळी सगळं गाव व्हिडिओ बघत असताना, एक सेकंदाची खोळंबणी सहज होते. मग रोज संध्याकाळी निवडणुका होत राहतात, आणि निवडणूक चालू असेपर्यंत काटा अडकून पडतो. हे आकडे बदलता येतात, बदलावेच लागतात. पण ‘एक खोली’ मानणारा माणूस ते बदलतच नाही, कारण खोलीत त्याची गरज नसते.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यापायी मी स्वतः एक अख्खी रात्र घालवली आहे. टनेल चालू, पिंग व्यवस्थित, दुसऱ्या यंत्रावर लॉगिनही होतं. छोटी आज्ञा दिली की उत्तर येतं. लांबलचक यादी मागितली की स्क्रीन गोठते. बॅकअप सुरू होतो आणि पहिल्याच टप्प्यावर बसतो, कुठलीही चूक न दाखवता. कारण असं, की खोलीतल्या तारेवर १५०० बाइटचं पाकीट जातं. ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीत ते १४९२ होतं. टनेल स्वतःचं वेष्टण चढवतो, त्यात ६० ते ८० बाइट जातात. वर क्लस्टरचं स्वतःचं आतलं जाळं, म्हणजे व्हीएक्सलॅन, असेल तर आणखी ५० जातात. मोबाइलच्या वाटेवर मर्यादा याहूनही कमी असू शकते. मोठं पाकीट वाटेत टाकून दिलं जातं, आणि ‘मोठं आहे, छोटं करा’ हा परतीचा निरोप कुठल्यातरी राउटरने अडवलेला असतो. मी पिंगचं पाकीट १२०० बाइटचं करून पाहिलं, गेलं. १४०० चं केलं, गडप. टनेलची मर्यादा १२८० वर आणली आणि बॅकअप वाहू लागला. पहाटेचे चार वाजले होते. वाटेतली ती यंत्रं तीन वेगळ्या कारभाऱ्यांची होती, आणि त्यांतल्या कुणालाही मी त्या वेळी फोन करू शकत नव्हतो.

इथवर वाचून काहीजण म्हणतील, ‘मग कशाला हा खटाटोप, सगळं क्लाउडवर ठेवा.’ हेही मला पटत नाही. सकाळी सहा वाजता रांगेत किटल्या घेऊन माणसं उभी असतात. इंटरनेट नाही म्हणून दूध थांबत नाही. उशीर झाला की ते नासायला लागतं. मोजणी जिथे होते तिथेच नोंद झाली पाहिजे, मुंबईशी संपर्क असो वा नसो. भाड्याचं यंत्र जरूर घ्यावं, साक्षीदार म्हणून, बॅकअपसाठी. पण संस्थेचा सगळा श्वास एका तारेतून घ्यायचा, हा उपाय नव्हे.

वेगळ्या नेटवर्कवरचं छोटं क्लस्टर नक्की बांधता येतं. त्यासाठी ती नेटवर्कं वेगळी आहेत हे मनापासून मान्य करावं लागतं. कशाला एकमत हवं आणि कशाला नको, हे आधी वेगळं काढायचं. दुधाचा दर, सभासदांची यादी, बिलाचं वाटप यांचं सत्य एकच असलं पाहिजे. ते तीन यंत्रांच्या बहुमतानेच बदलावं आणि बहुमत नसेल तेव्हा बदलूच नये. दर दोन तास उशिरा बदलला तर कुणाचं काही बिघडत नाही. पावतीला मात्र एकमत लागतच नाही. प्रत्येक संकलन केंद्राने आपल्या आकड्याने सुरू होणारे स्वतःचे क्रमांक द्यावेत, नोंद स्वतःकडे लिहावी, आणि तार असेल तेव्हा वर पाठवावी. दोन केंद्रांच्या पावत्या मग कधीच एकमेकींवर पडत नाहीत. पुसून लिहिण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कुठलीच नोंद कुणी बदलत नाही, फक्त भर पडते. आपल्याकडे प्रत्येक शाखेचं पावती पुस्तक वेगळं असायचं. ज्यांनी ही रीत घातली त्यांना राफ्ट माहीत नव्हती, पण गाव वेगळं आहे हे माहीत होतं.

संचालक मंडळांना आणि सचिवांना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्हाला वायरगार्ड कळण्याची गरज नाही, इटीसीडी कळण्याची गरज नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी, काम चालू असताना, बसवून देणाऱ्याला तुमच्यासमोर एका ठिकाणची इंटरनेटची केबल उपसायला सांगा. दोन्ही बाजूंना दहा-दहा पावत्या छापा. तासाभराने केबल परत लावा आणि वीसच्या वीस पावत्या यादीत आहेत का, ते एकेक क्रमांक बोटाने टिपून पाहा. तो ‘आत्ता नको, नंतर करू’ म्हणाला, तर हप्ता राखून ठेवा.

त्या दूध संस्थेत आता तीन यंत्रं आहेत, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळचं संकलन चालू असताना सचिव स्वतःच्या हाताने केबल उपसतात.